आईला पुन्हा भरती करायचंय, आता कुणाला काय विचारायचं?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आई ६६ वर्षांच्या, १५ वर्षांपासून शुगर. मागच्या वर्षी न्यूमोनियासाठी एका दवाखान्यात भरती असताना संध्याकाळचं इन्सुलिन त्यांना पाऊण तासात दोनदा दिलं गेलं. मध्यरात्रीनंतर त्या घामाने ओल्याचिंब, हाक मारली तर ओ देईनात. शुगर ३८ निघाली. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आल्या आणि वाचल्या. नंतर आई म्हणाल्या, "मला आधी एकदा टोचलं होतं, पण सिस्टर देते म्हणजे द्यायचंच असेल, म्हणून बोलले नाही." आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर धुळ्याला त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. भाऊ म्हणतो, या वेळी रात्रंदिवस सिस्टरच्या डोक्यावर उभं राहायचं. मामा म्हणतात, जास्त विचारलं की डॉक्टर चिडतात, मग पेशंटकडे बघत नाहीत. ताई विचारतात: अशा चुका होतात कशा, आणि आम्ही करायचं काय?

ताई, मी खान्देशातल्या सरकारी रुग्णालयांमध्ये ३१ वर्षं काढली. आधी अधिपरिचारिका होते, मग परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर झाले, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तुमच्या प्रश्नातलं आईंचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. वॉर्डात दोन सिस्टर होत्या, केसपेपर होता, औषधांचा तक्ता होता, आणि एवढ्या सगळ्यांत खरी गोष्ट एकट्या आईंना माहीत होती. त्या गप्प राहिल्या. त्यांना गप्प राहावंसं वाटलं यात दोष त्यांचा नाही, आमचा आहे.

दोनदा दिलेली इन्सुलिनं मी माझ्या नोकरीत पाहिली आहेत आणि बहुतेक वेळा गोष्ट एकाच वळणाची असते. संध्याकाळची ड्युटी दोन ते आठ. पावणेआठला सिस्टर ट्रे घेऊन निघते, इन्सुलिन देते, आणि तक्त्यावर सही करायच्या आत दारातून कुणाला तरी स्ट्रेचरवर आणतात. दम लागलेला म्हातारा असेल, झटके येणारं पोर असेल. ती धावते. सही राहते. आठला रात्रपाळीची सिस्टर येते. ४० पेशंटचा ओव्हर १० मिनिटांत घ्यायचा. (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देण्या-घेण्याला आम्ही 'ओव्हर' म्हणतो.) तक्त्यावर रकाना रिकामा दिसतो. ती प्रामाणिक असते म्हणूनच देते. पेशंटचं औषध चुकू नये म्हणून देते. दोघींपैकी कुणीही आळशी नाही, कुणीही वाईट नाही, आणि तरी सकाळपर्यंत एका बाईचा जीव गेला असता.

चूक बहुतेक अशीच शिरते. जिथं पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथं. ड्युटी बदलते तेव्हा, आयसीयूमधून वॉर्डात आणतात तेव्हा, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेतात तेव्हा, तालुक्याहून जिल्ह्याला पाठवतात तेव्हा, आणि घरी सोडतात तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की दवाखान्यात उपचार घेणाऱ्या दर १० रुग्णांमागे साधारण एकाला उपचारांमधूनच काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी रांगोळ्या काढतात, फलक लागतात, ते चांगलंच आहे. पण १८ तारखेला पावणेआठ वाजता सही राहिली तर काय, याची व्यवस्था फलकाने होत नाही.

आता माझ्या हातून होता होता राहिलेली गोष्ट सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. रात्री दोनची वेळ. वॉर्डात चार पाटीलबाई होत्या आणि त्यातल्या दोघींचं पहिलं नावही एकच. आपल्या भागात हे नवल नाही. एक ११ नंबरच्या खाटेवर, दुसरी १४ वर. रक्ताची पिशवी आली, मी नाव वाचलं, बरोबर वाटलं, आणि ११ नंबरवर गेले. सेट लावला, नळीतली हवा काढली, इंट्राकॅथला (शिरेत बसवलेल्या सलाइनच्या सुईला) जोडणार तेवढ्यात खाली चादर अंथरून झोपलेली त्यांची सून उठून बसली. डोळे चोळत म्हणाली, "सिस्टर, माईंचं तर ओ आहे ना? आमच्याकडच्या चिठ्ठीवर ओ लिहिलेलं होतं." मी पिशवी उजेडात धरली. बी पॉझिटिव्ह. नाव तेच, नोंदणी क्रमांक दुसरा. ते रक्त १४ नंबरचं होतं.

ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त चढलं तर काही मिनिटांत थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल होते, किडन्या बंद पडू शकतात, माणूस जातो. ती पिशवी परत ट्रेमध्ये ठेवताना माझ्या हातातला चिमटा खाली पडला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. सून म्हणत होती, "मी चुकीचं बोलले का?" तिला वाटलं मी रागावले.

सकाळी मी आमच्या परिसेविकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं मेमो मिळणार. त्यांनी मला चहा पाजला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: तू नेमकं काय वाचलंस आणि काय वाचलं नाहीस? त्या आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. एकाच नावाचे दोन पेशंट असले तर दोघांच्या केसपेपरवर आणि खाटेवर लाल पट्टी. आणि रक्त लावताना दोघींनी खाटेपाशी उभं राहायचं, एकीने पिशवीवरचं नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसरीने केसपेपरवर बघायचं. पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. हे नियम पुस्तकात आधीपासून होतेच, पण आमच्या वॉर्डात ते त्या सकाळी आले. त्यांनी मला चारचौघांत झापलं असतं, तर पुढच्या वेळी मी गप्प बसले असते, आणि लाल पट्टी कधी आलीच नसती. म्हणून मला कळकळीने वाटतं की दवाखाना सुरक्षित आहे की नाही हे ओळखायचं असेल, तर तिथं चूक सांगणाऱ्या मुलीचं काय होतं ते बघावं.

तेव्हापासून मी नाव विचारण्याची पद्धत बदलली. "तुम्ही पाटीलबाई ना?" असं विचारलं की आपल्याकडचं माणूस 'हो' म्हणतं. झोपेत असलं तरी म्हणतं, कानाने कमी ऐकू येत असलं तरी म्हणतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली पावरा किंवा भिल्ल समाजाची बाई असेल आणि आपली मराठी तिला पुरती समजत नसेल, तर ती प्रत्येक प्रश्नाला मान डोलावते, कारण नको म्हणायची भीती वाटते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की उत्तरात 'हो' चालणारच नाही. "तुमचं पूर्ण नाव काय?" आणि अहिराणी बोलणाऱ्या आजीला, "तुमनं नाव काय शे?" तिचं उत्तर केसपेपरशी ताडून बघायचं, जोडीला नोंदणी क्रमांक. खाटेचा नंबर हा ओळखीचा पुरावा नाही, खाटा बदलतात. तुमच्या आईंच्या मनगटावर नावाची पट्टी बांधतील. त्यावरचं नाव, वय, नोंदणी क्रमांक तुम्ही स्वतः एकदा वाचा. चूक असली तर तिथल्या तिथं बदलून घ्या.

आता तुमच्या ऑपरेशनकडे येते. तयारी घरापासून सुरू होते, आणि सगळ्यात पहिली तयारी म्हणजे एक पिशवी. आई ज्या ज्या गोळ्या घेतात त्या सगळ्या त्यांच्या पाकिटांसकट पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. शुगरच्या, बीपीच्या, रक्त पातळ करणारी गोळी, थायरॉइडची, झोपेची. त्यात शुगरसाठीचा काढा, चूर्णही घाला. आणि विशेष करून गुडघ्यासाठी आठवडी बाजारातून किंवा कुणा ओळखीच्या वैदूकडून आणलेल्या पुड्या. आपल्या गावांमध्ये गुडघेदुखीचं बहुतेक प्रत्येक माणूस कधी ना कधी पुडी खाऊन बघतं. अशा पुड्यांत काही वेळा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोनच दिवसांत म्हातारी चालायला लागते ती त्यामुळेच. महिनोनमहिने स्टिरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी धाडकन खाली येऊ शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलं तर ते तयारी ठेवतात. न सांगितलेल्या पुडीची तयारी कुणी ठेवू शकत नाही. रागावतील म्हणून लपवू नका.

शुगरच्या गोळ्यांमध्ये 'फ्लोझिन' असा शेवट असलेलं नाव दिसतं का बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. हल्ली त्या खूप लिहिल्या जातात. या गोळ्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. पण "यातली कुठली गोळी कधी बंद करायची आणि पुन्हा कधी सुरू करायची?" हे तारखांसकट कागदावर लिहून घ्या. उपाशी राहायची वेळही तशीच लिहून घ्या. शुगरच्या बाईला आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दुपारपर्यंत उपाशी ठेवणं बरं नव्हे, म्हणून नंबर सकाळी पहिला लावता येईल का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

आणखी एक. आदल्या रात्री पाय स्वच्छ करायचा म्हणून घरी ब्लेडने केस काढू नका. ब्लेडने डोळ्यांना न दिसणारे चिरे पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. गुडघ्यात सांधा बसवल्यावर तिथं पू झाला तर तो सांधा पुन्हा काढायची पाळी येते. केस काढायचेच असले तर दवाखान्यात मशीनने काढतील.

उजवा गुडघा आहे ना? मग ओटीत नेण्यापूर्वी, आई पूर्ण शुद्धीत असताना, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून त्या पायावर पेनने खूण करायला हवी. खूण केली नसेल तर विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्यापूर्वी, असं तीनदा सगळ्यांनी थांबून मोठ्याने बोलायचं: पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, कुठल्या बाजूचं, कसली ॲलर्जी, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी कापूस-गॉज-सुया मोजून पुऱ्या भरल्या का. जगातल्या आठ शहरांमध्ये ही यादी वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. एवढ्या साध्या कागदाने! आमच्याकडे सुरुवातीला काही मोठ्या सर्जनना हे पोरखेळ वाटायचं, वर्षानुवर्षं हात बसलेली माणसं ती. मग एकदा यादी वाचताना ओटीतल्या सर्वांत लहान मुलीने सांगितलं की पेशंटच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिली आहे, आणि ट्रेमध्ये भरलेलं इंजेक्शन त्याच जातीचं होतं. त्या दिवसापासून ते सर्जन स्वतः म्हणायला लागले, "आधी यादी वाचा." तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, "सर, तुमच्याकडे सर्जिकल चेकलिस्ट भरतात ना?" जिथं भरतात तिथं डॉक्टर आनंदाने सांगतात.

इन्सुलिनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमची जखम तिथली आहे आणि घरीही ते तुम्हालाच द्यायचं आहे. आपल्याकडे दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. साध्या बाटलीतलं बहुतेक वेळा यू-४०, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधलं यू-१००, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन असतात: लाल टोपीची यू-४० ची, केशरी टोपीची यू-१०० ची. पेनची सुई संपली म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये इन्सुलिन ओढलं आणि २० च्या रेघेवर थांबलं, तर आत गेलेलं २० नसतं, ५० युनिट असतं. उलट, बाटलीतलं केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत घेतलं, तर फक्त ८ युनिट जातं. औषध घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून बघा. दुकानदाराने "हीच चालते" म्हटलं तरी बघा.

शिवाय ऑपरेशन आखाजीनंतर आहे, म्हणजे ऐन उन्हाळा. धुळे-जळगावला पारा ४३-४४ ला जातो, कधी त्याच्याही वर. इन्सुलिन मोटारसायकलच्या डिकीत किंवा खिडकीत राहिलं तर त्याची ताकद जाते. फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर मातीच्या माठात ओली वाळू आणि त्यात डब्यात बाटली ठेवा, सावलीत. बर्फात मात्र घालू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ज्या गोळ्या देतील त्यांबद्दलही विचारा. बऱ्याच वेदनाशामक गोळ्या किडनीवर भार टाकतात. अंगातलं पाणी उन्हाने कमी झालेलं, त्यात शुगर आणि बीपीच्या गोळ्या, आणि वर शेजारीण म्हणते म्हणून आणलेली दुसऱ्या कंपनीची तीच गोळी, असं झालं की किडनी बिघडलेल्या बायका मी दर मे महिन्यात पाहिल्या. गोळीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव वाचा. दोन पाकिटांवर ते एकच असेल तर थांबा आणि विचारा.

वॉर्डातल्या काही गोष्टी. इंट्राकॅथच्या जागेवर लाली, सूज, दुखणं आलं तर लगेच सांगा, "सकाळी सांगू" नको. लघवीची नळी घातली असेल तर पिशवी पोटाच्या पातळीखाली हवी पण जमिनीला टेकलेली नको, आणि "नळी कधी काढणार?" हे रोज विचारा, कारण जितके दिवस नळी तितका जंतूंचा धोका. पेशंटला हात लावण्याआधी हात धुणं हे डॉक्टरांना, आम्हाला आणि तुम्हालाही लागू. साबणाने पाऊण-एक मिनिट, किंवा खाटेजवळच्या सॅनिटायझरने अर्धा मिनिट. आणि गावाहून १५ माणसं भेटायला येतात ना, ती थांबवा. मला माहीत आहे, आपल्याकडे भेटायला गेलं नाही तर वाईट दिसतं. तरी ऑपरेशनच्या आठवड्यात सगळ्यांना फोनवरच खुशाली सांगा.

रात्री बाथरूमला जाताना पडणं ही म्हाताऱ्या माणसांची सर्वांत नेहमीची इजा आहे आणि तिची कुणाला बातमी वाटत नाही. नवा गुडघा घेऊन ओल्या फरशीवर पडलेली बाई महिनोनमहिने मागे जाते. रात्री जो जवळ असेल त्याने आईंना बजावून सांगावं की मला उठवल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. आपल्या आया मुलांची झोप मोडू नये म्हणून हळूच उठतात, तिथंच घात होतो.

आता तुमचा भाऊ आणि मामा. भाऊंनी सिस्टरच्या डोक्यावर उभं राहू नये, कारण घाबरलेल्या हातून चुका जास्त होतात. इंजेक्शन भरताना तिच्याशी बोलूही नये. ती मोजत असते. मामांचं म्हणणंही सोडून द्या. चिडणारे डॉक्टर असतात, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण मला आठवतंय तोवर, नीट विचारणाऱ्या नातेवाइकाच्या पेशंटकडे आमचं लक्ष जास्तच गेलं. फरक वेळेचा आणि शब्दांचा असतो. राउंडच्या वेळी, लिहिलेले तीन प्रश्न घेऊन, एकाच माणसाने विचारायचं. पाच भावंडांनी पाच वेळा नाही. औषध देताना तीन गोष्टी विचारायच्या: हे कशाचं आहे, किती आहे, आणि याआधीचं कधी दिलं होतं. तिसरा प्रश्न मागच्या वर्षी कुणी विचारला असता तर दुसरी सुई लागलीच नसती.

त्यासाठी एक १० रुपयांची वही घ्या. तारीख, वेळ, काय दिलं, शुगर किती. सिस्टरला दाखवून ठेवा, "ताई, हे आमच्या आठवणीसाठी लिहितोय." चोरून लिहिलं की तिला वाटतं पुरावा गोळा करताहेत. उघड लिहिलं की तीच म्हणेल, "सव्वाआठची शुगरही लिहून घ्या."

कागद किती मोलाचा असतो हे मला सातपुड्याकडून येणाऱ्या पेशंटनी शिकवलं. पावसाळ्यात साप चावलेला शेतमजूर प्राथमिक आरोग्य केंद्रातून १०८ ने जिल्ह्याला यायचा, आणि रेफरच्या चिठ्ठीवर फक्त 'सर्पदंश' लिहिलेलं असायचं. सर्पविषाच्या लशीच्या कुप्या किती दिल्या, किती वाजता दिल्या, चावून किती वेळ झाला, काहीच नाही. सोबत आलेल्या माणसाला बोली वेगळी. मग आम्ही रिकाम्या कुप्या सोबत पाठवल्यात का ते शोधायचो. ज्या केंद्रातून वेळ आणि कुप्यांचा आकडा लिहून यायचा, तिथल्या पेशंटचा पुढचा निर्णय आमच्याकडे दोन मिनिटांत व्हायचा. तुमच्या आईंनाही कुठून कुठे हलवलं, अगदी आयसीयूतून वॉर्डात आणलं, तरी "शेवटचं इन्सुलिन किती वाजता, किती युनिट" हे नव्या सिस्टरला तुम्ही तोंडाने सांगा आणि वही पुढे करा. डिस्चार्जच्या दिवशीही तसंच. डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या आणि घरच्या पिशवीतल्या गोळ्या समोरासमोर ठेवून, कुठली चालू, कुठली बंद, हे विचारूनच निघा. गाडी खाली उभी आहे म्हणून घाई करू नका.

आणि एवढं करूनही काही चुकलं तर? आधी पेशंटचा जीव, भांडण नंतर. डॉक्टरांना शांतपणे तीन गोष्टी विचारा: काय झालं, आता तिच्यावर काय उपचार करताय, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलणार. उत्तर मिळत नसेल तर केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, तीही वाचा. तक्रार करणं हा तुमचा हक्क आहे आणि तो वापरा. काच फोडणं, सिस्टरच्या अंगावर जाणं मात्र करू नका. त्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे म्हणून सांगत नाहीये. मार खाल्लेल्या वॉर्डात पुढची चूक कुणी सांगत नाही, तक्त्यावरच्या वेळा मागाहून नीट जुळवल्या जातात, आणि पुढच्या पाटीलबाईंच्या वेळी सून झोपलेली असते.

राहिल्या आई. त्यांच्याशी भरती होण्याच्या आधी निवांत बसून बोला, ऐन वेळी नको. मागच्या वर्षी त्या गप्प राहिल्या म्हणून त्यांना कुणी बोल लावला असेल तर आधी तो काढून टाका. मग त्यांच्याकडून एक वाक्य दोन-चारदा म्हणवून घ्या. शुद्ध मराठीची गरज नाही, घरच्या बोलीतच असू द्या: "माले आत्तेच सुई दिन्ही, वही दखा." (मला आत्ताच सुई दिली, वही बघा.) आणि पहिल्या दिवशी सिस्टरला हेही सांगून ठेवा की आई असं म्हणाल्या तर रागावू नका, आम्हीच शिकवलंय.